तोंड दिसणारी काळी चकती

माझ्या मालाला कोणी काळा म्हणालं की मी आधी माल पाहत नाही, म्हणणाऱ्याचं तोंड पाहते. बाजारात वाढलेल्या माणसाची ही सवय. पण त्या दिवशी तोंड पाहायची सोय नव्हती, फोन होता. पलीकडून दुर्बिणी बनवणाऱ्या संस्थेतल्या मॅडम अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "ताई, सगळ्या चकत्या काळ्या आल्यात हो."

त्याच चकत्यांची जोड माझ्यासमोर टेबलावर होती. मशीनमधून काचेच्या दोन चकत्या एकदम काढायच्या, एक गिऱ्हाइकाला द्यायची आणि एक आपल्याजवळ नमुना म्हणून ठेवायची, ही माझी पहिल्यापासूनची रीत. त्यातली एक उचलून मी डोळ्यांसमोर धरली. माझं तोंड, मागची खिडकी, पलीकडच्या शेडचा पत्रा, पत्र्यावर बसलेला कावळा, सगळं तिच्यात स्वच्छ दिसत होतं. कावळ्याची चोचसुद्धा.

"मॅडम, हिच्यात मला कावळा दिसतोय," मी म्हणाले.

"दिसणारच. साध्या उजेडात छानच आहे. आम्हाला अतिनील किरणांत चमकणारी पाहिजे."

"मग साध्या उजेडातली तरी छान आलीय असं आधी म्हणा. एकदम काळीच म्हणता?"

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. फोन ठेवल्यावर मी ती चकती साडीच्या पदरावर घासणार होते, तेवढ्यात आठवलं की हात लावायचा नाही असं त्यांनीच बजावलं होतं. मग चकतीवरचा राग मी चहावर काढला आणि कप विसळायला गेलेल्या बाईवरही.

माझं शेड बारामतीच्या एमआयडीसीत आहे. काम म्हणजे वस्तूवर चांदीसारखी झळाळी चढवायची. लोखंडाच्या मोठ्या पिंपातली, म्हणजे चेंबरमधली, हवा काढून घ्यायची, आत टंगस्टनच्या तारेवर अॅल्युमिनियम तापवायचं. त्याची वाफ होते आणि समोर जे असेल त्याच्यावर बसते. ट्रॅक्टरच्या दिव्याची वाटी, गणपतीचे आणि गौरीचे प्लास्टिकचे मुकुट, शिकवणी वर्गांच्या बक्षिसांच्या ढाली. माहेर कोऱ्हाळ्याचं. वडिलांबरोबर मार्केट यार्डात वांगी घेऊन जायचे, तेव्हापासून भाव करायला शिकले. लग्न होऊन भवानीनगरला आले, नवरा साखर कारखान्यात कारकून. मी दुसऱ्याच्या शेडात मुकुट पुसायला लागले आणि पुसता पुसता काम शिकले. आज माझी दोन मशीनं आहेत. दुसरं लहान मशीन चष्म्याच्या काचांना थर देणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून घेतलं. मालक ते भंगारात काढायला निघाला होता, मीही भंगार म्हणूनच बोलले. मशीन गाडीत चढेपर्यंत त्याला कळू दिलं नाही की मी पंप हाताने फिरवून पाहिलाय आणि तो चांगला आहे.

या लहान मशीनमुळेच संस्थेच्या मॅडम माझ्यापर्यंत आल्या. त्यांना अॅल्युमिनियम आणि त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइड असे दोन्ही थर एकाच चेंबरमध्ये, हवा आत न घेता, पाहिजे होते. चष्म्याच्या काचेला हेच फ्लोराइड लावतात, म्हणून त्याची सोय माझ्या मशीनला होती. मोठ्या कंपन्या चार चकत्यांसाठी दारात उभं करत नाहीत, हेही त्यांनी खरं खरं सांगितलं. एक लहान उपग्रह, त्यावर दुर्बीण, आणि ती दुर्बीण ताऱ्यांचा अतिनील उजेड पाहणार. तो उजेड आपल्या डोळ्याला दिसत नाही आणि जमिनीवर नीट पोचतही नाही, हवाच तो गिळते. म्हणून दुर्बीण वर न्यायची.

"आणि आरशावर थर अॅल्युमिनियमचाच? मुकुटावर असतो तोच?" मी विचारलं.

"धातू तोच. पण अॅल्युमिनियमला जरा हवा लागली की त्याच्यावर बारीक पापुद्रा धरतो. डोळ्याला फरक नाही, अतिनील मात्र तिथंच मरतं. म्हणून पापुद्रा धरायच्या आत वर फ्लोराइड चढवायचं."

मला ते लगेच समजलं. दूध खाली उतरवलं की साय धरायला थोडा वेळ तरी लागतो. अॅल्युमिनियम तेवढी उसंत देत नाही, एवढाच फरक.

मॅडमनी बॅटरी घेऊन चेंबरच्या आत डोकं घालून पाहिलं, आमच्या शेडात चहा घेतला आणि चहा पिता पिता म्हणाल्या, "दुर्बिणीतला मोठा आरसा तुमच्या चेंबरमध्ये मावणार नाही. पण दुसरा एक लहान असतो, तळहाताएवढा. चकत्या पास झाल्या तर तो आपण इथंच करू."

हे वाक्य त्यांनी म्हटलं. मी ते विकत घेतलं नव्हतं की कागदावर लिहून घेतलं नव्हतं. पण यार्डात तोंडी ठरलेला भाव दोन्ही बाजू पाळतात, त्याच हिशेबाने मी ते धरलं. मला तो तळहाताएवढा आरसा पाहिजे होता. माझे मुकुट विसर्जनाला पाण्यात जातात, दिव्याच्या वाट्या उसाच्या फडात धूळ खातात. भवानीनगरात दोन मशीनं झाल्यावरही मला मागून 'मुकुटवाली' म्हणतात. माझ्या चेंबरमधली एक वस्तू तरी अशा ठिकाणी जावी की जिथं धूळ नाही, पाणी नाही आणि 'मुकुटवाली' म्हणणारं कोणी नाही, एवढीच माझी ओढ होती.

आणि पहिला माल गेला तर तो काळा.

मी फोनवर समजून घेणारी बाई नाही. दुसऱ्या आठवड्यात संस्थेत जाऊन उभी राहिले. सोबत उरलेली जोड आणि ट्रॅक्टरच्या दिव्याची एक वाटी, कारण तुलना करायला आपला माल आपल्याजवळ असावा. गेटवर पिशवी उघडून त्या वाटीकडे शिपाई बराच वेळ पाहत होता.

मॅडमनी मला मोजायचं यंत्र दाखवलं. दाखवलं म्हणजे काय, एक बंद लोखंडी डबा. आत चकती, आत अंधार, आत तो उजेड, आणि बाहेर पडद्यावर एक रेघ. रेघ उजवीकडून छान सपाट चालत आली आणि डावीकडे विहिरीत पडावी तशी खाली गेली. "ही पडते ना," मॅडम म्हणाल्या, "इथं चकती काळी आहे."

"दुसरी लावा."

दुसरी लावली. तीही विहिरीत.

"चकती फिरवून लावा."

त्यांनी निमूटपणे फिरवून लावली. यार्डात काट्यावर शंका आली की माल उतरवून पुन्हा चढवतात, तसंच मी करत होते. एवढ्यात त्यांचे साहेब आले. चष्मा डोक्यावर, हातात चहाचा कप. त्यांनी परदेशातून आणलेली एक चकती यंत्रात लावायला सांगितली. तिची रेघ बरीच लांबवर सपाट राहिली.

"तुमच्या यंत्राला ओळखीची असेल ती," मी म्हणाले.

साहेब म्हणाले, "हे बघा ताई, हे भाजी मार्केट नाही."

"भाजी मार्केटात माणूस वांगं हातात घेऊन तरी बघतो, साहेब. इथं तुम्हीही बघितलेलं नाही अन् मीही बघितलेलं नाही."

मॅडम खाली मान घालून हसू दाबत होत्या. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांचं ते वाक्य मला अजून टोचतं. माझे वडील बैलबाजारात जायचे तेव्हा उपरण्याखाली बोटं धरून भाव व्हायचा. बघणाऱ्याला काही दिसायचं नाही, पण ज्याचा सौदा त्याच्या हातात समोरच्याचं बोट तरी असायचं. इथं डब्यात अंधार, पडद्यावर रेघ, आणि धरायला बोटच नाही. घासाघीस करणार कोणाशी?

निघताना मॅडम गाडीपर्यंत आल्या. "ताई, थर नीट बसलाय तुमचा. फक्त वर काहीतरी धरतंय. तेल, वाफ, धूर, काहीही. वाससुद्धा येणार नाही इतकं थोडं पुरतं. खोली स्वच्छ ठेवा."

खोली स्वच्छ ठेवा! मला, जिनं लोकांचे मुकुट पुसून दिवस काढले तिला! परतीच्या रस्त्यावर दौंडपर्यंत मी मनातल्या मनात साहेबांशी भांडत होते.

पण भांडण मनात ठेवून मी काम मात्र जिवावर घेतलं. पंपाचं तेल बदललं. चेंबर रोज संध्याकाळी आतून पुसून काढलं. लहान मशीनच्या खोलीत मुकुटाचं एकही प्लास्टिक येऊ दिलं नाही. कामावरच्या बायकांना केसांना तेल लावून यायची बंदी केली. त्यावर एक म्हणाली, "बाई, तेल न्हाय लावलं तर नवरा वळखायचा न्हाय घरी." मी म्हटलं, बरंच होईल. नेमका तेव्हा कारखान्याचा सीझन सुरू झाला होता. भवानीनगरला सकाळी दोरीवरचे कपडे काढायला जावं तर त्यांवर चिमणीची काळी राख बारीक बारीक पडलेली असते. मला वाटलं, चोर हाच. म्हणून मी शेडात आल्यावर साडी बदलायला लागले, चपला बाहेरच्या बाहेर, पाय धुऊन आत. खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. काचेच्या चकत्या मॅडमनी सांगितल्या तशा धुतल्या, वाळवल्या, हातमोजे घातले.

एवढं सगळं करून रोज सकाळी चेंबर उघडायचं, चकत्या लावायच्या, आणि झाकण बंद करायच्या आधी उदबत्ती ओवाळायची.

आता हे मला इथं सांगावं लागतंय, पण तेव्हा ते मला सांगण्यासारखंही वाटत नव्हतं. श्वास घेतल्यासारखं ते होतं. लहान मशीन आणलं त्या दिवशी माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, शेडात आल्या होत्या. त्यांनी खंडोबाचा फोटो मशीनच्या डोक्यावर ठेवला, झाकणाला भंडाऱ्याचं बोट लावलं आणि मला म्हणाल्या, "चूल पेटवायच्या आदी चुलीच्या तोंडाला हात जोडतो का न्हाय? ह्येचं बी तोंडच हाय. उघडं आसतानाच ववाळत जा, म्हंजी पोटात जातंय." तेव्हापासून मी उघड्या चेंबरच्या आत हात घालून उदबत्ती ओवाळायची. मोगऱ्याची, चांगली जाड काडी. ज्या दिवसांत संस्थेचं काम होतं त्या दिवसांत तर जास्तच भक्तिभावाने, दोनदा.

दुसरा माल गेला. मी प्रत्येक डबीवर कोणत्या वारी काढलेली चकती ते लिहिलं होतं. मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज निराळा होता.

"ताई, बाकीच्या तशाच आहेत. पण सोमवारची एक... ती त्या परदेशी चकतीच्याही वर गेली."

मी खुर्चीतून उठले. "मग काय! मी म्हणत नव्हते?"

"हो, पण सोमवारीच का? त्या दिवशी तुम्ही काय वेगळं केलं? साहेबही इथंच आहेत, स्पीकरवर आहे फोन."

मी आठवून पाहिलं. काच तीच, तार तीच, फ्लोराइड त्याच बाटलीतलं, साडी बदललेली, पाय धुतलेले. सोमवार. आणि मला एकदम आठवलं.

आमच्या घरात बाईच्या त्या दिवसांत स्वयंपाक चालतो, गाडी चालते, मशीनही चालतं. फक्त देवाला शिवायचं नाही. एवढी एक गोष्ट आत्याबाईंनी सोडलेली नाही आणि मीही त्यांच्याशी त्यावरून भांडत बसले नाही. त्या सोमवारी मी चेंबर उघडलं, चकत्या लावल्या, झाकण बंद केलं आणि काम केलं. देवाला हात लावला नाही. म्हणजे उदबत्ती नाही. मंगळवारी बंदी होतीच, पण विजेचा घोळ होऊन मशीन चाललं नाही. नंतरच्या दिवशी तर कामावरच्या बाईला मी सांगितलं, तू ओवाळ.

"ताई? आहात ना?"

"त्या दिवशी उदबत्ती लावली नव्हती," मी म्हणाले.

"कुठं?"

"मशीनमध्ये. आत."

मग साहेबांचा आवाज. "तुम्ही व्हॅक्यूम चेंबरच्या आत उदबत्ती लावता?"

"ओवाळते. रोज."

"मग त्या दिवशी का नाही?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. साहेबांनी पुन्हा विचारलं, "सोमवारी का नाही? उपास होता की काय?"

"मॅडम," मी म्हणाले, "तुम्ही बाई आहात ना? मग साहेबांना तुम्हीच सांगा."

पलीकडे कोणीतरी खोकलं, खुर्ची सरकली आणि स्पीकर बंद झाला. मॅडम एकट्या आल्या फोनवर. हसत नव्हत्या. म्हणाल्या, "ताई, उदबत्तीत सुगंधाचं तेल असतं, ते चेंबरच्या भिंतींवर बसतं आणि तापलं की चकतीवर येतं. हेच शोधत होतो आपण. तुम्ही सांगितलंत म्हणून सापडलं."

मी सांगितलं म्हणून सापडलं. हे शब्द त्यांचे आहेत. मी ते विसरलेले नाही.

त्या संध्याकाळी मी खंडोबाचा फोटो मशीनवरून काढून शेडाच्या बाहेर, दारावर खिळा ठोकून लावला. आत्याबाईंना सांगितलं तर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना म्हणाल्या, "देवाला भाईर काडून आभाळात कुनाला बगनार हायती ती लोकं?"

मला वाटलं होतं, आता आरसा येणार. मशीन मी घासून, तापवून, पुन्हा घासून तयार ठेवलं. सोमवारच्या चकतीची जोड मी शेडात ठेवली नाही, तिथं मोठ्या मशीनवर प्लास्टिक तापतं. कोरड्या डबीत घालून भवानीनगरला घरी नेली आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. माझ्या हातचा पास झालेला तो एकच माल होता.

आरसा आला नाही. मी फोन केला की मॅडम म्हणायच्या, साहेब बाहेरगावी आहेत. मग म्हणाल्या, बैठक आहे. मग एक दिवस त्यांनीच सांगून टाकलं की संस्थेनं स्वतःचं चेंबर बसवलं आहे. काम आता आतच होणार. आणि त्यांच्या खोलीच्या दारावर सूचना लावली आहे, आत उदबत्ती, अत्तर, केसांचं तेल, काही चालणार नाही.

"म्हणजे माझीच अक्कल माझ्याच विरुद्ध दारावर चिकटवली तुम्ही," मी म्हणाले.

"ताई, तसं नाही..."

"मग कसं?"

मॅडमचा दोष नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. पण साहेब फोनवर येत नव्हते आणि माझ्या तोंडासमोर त्याच होत्या. मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आपण गप्प बसलो असतो, सोमवारचं गुपित पोटात ठेवलं असतं, तर आरसा माझ्याकडे आला असता का, हा हिशेब मी कितीदा मांडला असेल. माल विकण्याआधी भाव ठरवायचा, एवढी साधी गोष्ट यार्डातली पोरंही जाणतात.

मध्ये बरेच दिवस गेले. गणपतीच्या मुकुटांची गर्दी आली आणि गेली, दिवाळीही झाली. मग मॅडमचा फोन. त्यांच्या चेंबरमधल्या चकत्या सोमवारच्या चकतीच्या जवळपासही येत नव्हत्या. आणि ती सोमवारची चकती त्यांनी ओलावा, उष्णता अशा चाचण्या करून संपवली होती. "तिची जोड तुमच्याकडे असेल ना? तुम्ही ठेवताच. ती मिळाली तर आम्हाला जुळवून बघता येईल."

माझ्या अंगात कितीतरी दिवसांनी यार्डातलं रक्त खेळलं. आता बोट माझ्या हातात होतं. मी अगदी सावकाश म्हणाले, "बघते. संध्याकाळी सांगते."

घरी आले ती सरळ कपाटाशी. डबी होती. डबीत चकती नव्हती.

"आत्याबाई, हितं डबीत एक काच होती."

"व्हय. हाय की." त्या आतून म्हणाल्या. "देव्हाऱ्यात ठिवलीया."

मी देव्हाऱ्यासमोर गेले. खंडोबाच्या टाकामागे चकती टेकून उभी. पुढे तुपाचं निरांजन, बाजूला उदबत्तीचं घर, राखेचा लहानसा ढीग. निरांजनाची ज्योत चकतीत दिसत होती आणि सगळा देव्हारा दुप्पट उजळला होता. चकतीच्या काठावर हळदीचं आणि कुंकवाचं बोट.

"कधीपास्नं ठेवलीय ही?"

"दिवाळीपास्नं. आगं, देवाची वस्त्रं काडायला कपाट उगाडलं, तवा गावली. तूच म्हनालीस न्हाय का, ही पास झालेली, ह्येच्यासारकाच आरसा आभाळात जानार? मंग आसली वस्तू चोळ्यांच्या घड्यांत ठिवायची व्हय? देवाजवळ न्हाय ठिवायची तर कुटं ठिवायची?"

"आवं, काळी झाली ती!"

त्या उठून आल्या. चष्मा सावरून चकतीकडे वाकून पाहिलं. "काळी? डोळं फुटलं का तुझं? तोंड दिसतंय की त्यात. माजं बी दिसतंय, तुजं बी. रागानं लाल झालंय, काळं न्हाय."

मला काहीतरी तोंडावर फेकून मारावंसं वाटत होतं, पण मी खाली बसले आणि समजावायला लागले. की डोळ्याला दिसतं ते निराळं. की एक उजेड असा असतो की तो आपल्याला दिसत नाही. की वासही येणार नाही इतकं थोडं तेल पुरतं. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, आणि मी माझेच शब्द ऐकत होते, मॅडमच्या आवाजात.

शेवटी त्या म्हणाल्या, "म्हंजी तुला बी दिसंना, मला बी दिसंना, तरी काळी."

"व्हय."

"मंग कुनाला दिसतंय?"

"त्यांच्या मशीनला."

"मशीनवर लई इस्वास तुजा," त्या म्हणाल्या आणि निरांजनात तूप घालायला वळल्या.

मी ओसरीवर येऊन मॅडमना फोन लावला. चकती तशीच देऊन टाकावी, डोळ्याला तर चांदी आहे, हा विचार आला नाही असं नाही. पण डब्यात गेली की ती खरं बोलणार होती. आणि खोटा माल खपवला असं त्या साहेबाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मी मशीन भंगारात घातलं असतं. हातात काही नसताना सौदा करायची वेळ आली की आवाज एक पट्टी खाली घ्यायचा, हे मला वडिलांनी शिकवलं आहे.

"मॅडम, जुनी चकती मी देत नाही. तुम्ही इकडे या. तुमच्यासमोर नवी काढून देते, सोमवारची काढली तशीच. पण तो लहान आरसा सोबत आणा. चकती जमली तर लगेच आरसा माझ्या चेंबरमध्ये घालायचा. तुम्ही मला शब्द दिलाय."

"साहेबांना विचारते."

"विचारा. आरसा येणार नसेल तर येऊ नका."

त्या आल्या. साहेब आले नाहीत. मॅडमनी गाडीतून एक चौकोनी पेटी उतरवली आणि माझ्या टेबलावर ठेवली. उघडली नाही, पण मी तिच्यावर हात ठेवला. तळहाताएवढाच असणार आत. दाराबाहेर खिळ्यावर खंडोबा आणि त्याच्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत आत्याबाई, देव एकटा बाहेर आहे म्हणून सोबतीला आलेल्या. आत आम्ही चकती काढली. मॅडम एकेक गोष्ट पाहत होत्या, विचारत होत्या आणि मी सांगत होते. हात आखडता घ्यावा असं वाटलं, पण पेटी समोर होती ना.

काम झालं. चकती निघाली. मॅडमनी ती डबीत घातली आणि मग पेटीसुद्धा उचलली.

"आरसा?"

"साहेबांनी सांगितलंय, आधी चकती मोजून मग. मोजायचं यंत्र तर तिकडेच आहे ना ताई. जमली तर पुढच्या आठवड्यात घेऊन येते."

मी यार्डात कधी माल डोळ्यांआड जाऊ दिला नव्हता. पेटी गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून ठेवली त्यांनी, लेकरासारखी. बाहेर आत्याबाई म्हणाल्या, "न्हेली का परत?" मी त्यांच्यावर ओरडले. दुसरं कोणी नव्हतं.

चकती जमली. सोमवारच्या इतकीच, किंबहुना थोडी वरच. हे मला मॅडमनीच सांगितलं, पण ते सांगायला त्यांनी फार उशिरा फोन केला. त्या चकतीशी जुळवत जुळवत त्यांच्या चेंबरमधली खोट सापडली होती, उपग्रहाची तारीख जवळ आली होती आणि आरसा तिथंच झाला होता.

"तुमच्या पद्धतीनंच केला ताई. साहेबांनी तुमचे आभार मानायला सांगितलंय."

"त्यांना तोंड नाही का?"

त्या उपग्रहाची तारीख सांगायला लागल्या.

"पूजा केली होती का आरसा घालायच्या आधी?" मी विचारलं. हे का विचारलं मलाही सांगता येत नाही.

"नारळ फोडला. उदबत्तीही लावली." मग घाईघाईनं, "पण बाहेर. दोन दारं सोडून. तुमच्यामुळं."

राग कुठं काढावा ते कळत नव्हतं. मग एकदम सुचलं. "मॅडम, आरशाबरोबर तुम्ही जोडीला चकती घातली असेल ना? त्याच वेळी, त्याच चेंबरमध्ये?"

"हो. साक्षीला घालतातच."

"ती मला द्या."

"ती कशी देता येईल? ती संस्थेची..."

"आरसा वर जाईल. तो परत येणार नाही. त्याची जोड खाली राहणार आहे. ती मला पाहिजे. शब्द मोडलात, त्याचं हे तोडपाणी समजा."

त्या म्हणाल्या, विचारून सांगते. अजून विचारतायत. मी दर आठवड्याला फोन करते, आणि आता माझा नंबर पाहून त्या उचलतात की नाही हेही माझ्या हातात नाही, त्यांच्या मूडवर अवलंबून आहे. तरी मी सोडणार नाही. देव्हाऱ्यातली चकती तिथंच आहे. सकाळी आत्याबाई तिच्यात पाहून कुंकू लावतात आणि मला ऐकू जाईल असं म्हणतात, "काय काळी न् बिळी न्हाय." आरशाची जोड मिळाली तर तिला मी लोखंडी पेटीत ठेवणार आहे, शेडातही नाही आणि घरातही नाही, बँकेच्या लॉकरमध्ये. किल्ली माझ्याकडे. आणि ती आली आहे हे आत्याबाईंना सांगणारही नाही.